पहिली ओळ कुणाची

जावयाला जपावं म्हणतात. जपलं की! तीन आठवडे माझं जेवायचं टेबल त्यांना देऊन टाकलंय, मी आपली ओट्याशी उभ्याने जेवते. पण ताट पुढे ठेवलं तर त्यावरच कागद पसरायचे, हाक मारली तर नुसतं 'हं', हे कुठलं वागणं? लेक कामावर जाताना बजावून जाते, "आई, त्यांना बोलू नकोस, दमलेत ते." दमलेत! मी बावीस वर्षं उभ्याने काचा पुसल्या, मला कुणी 'दमलीस का' म्हणून विचारलं नाही. गुडघे अजून रोज सकाळी हजेरी घेतात.

जावयांचा कारखानाही तोच. चष्म्याच्या काचांवर तिथे थर चढवतात, म्हणजे काच चकाकत नाही, उजेड मागे न फिरता आरपार जातो. मी खाली पुसायच्या खोलीत होते. जावई वर, थरांचे हिशेब मांडणाऱ्यांच्या खोलीत. ते खाली कधी उतरत नाहीत. त्यांचा कागद तेवढा उतरतो.

यंदा पहिल्यांदाच पाच थरांची काच करायची होती. तीनदा केली, तीनदा चकाकली. जावयांनी तीनदा गणित तपासलं, तिन्ही वेळा बरोबर. मग चुकलं कोण? खाली भट्टीत काचांवर थर चढवणारा भट्टीवाला. तो थर जाडेभरडे देतो, त्याला काढा, असं साहेबाला पत्र लिहून तयार. टेबलावरच पडलं होतं. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचता येतं. आज दुपारी ते पत्र द्यायचं होतं, म्हणजे उद्यापासून भट्टीवाला घरी.

हा भट्टीवाला मला मावशी म्हणतो. मी पुसलेल्या काचेवर एक बोट उमटलेलं दिसलं, तर तीस काचांचा ट्रे परत पाठवायचा मेला. किती शिव्या घातल्यात मी त्याला. तो जाडाभरडा थर देईल?

मी खुर्ची ओढून समोर बसले. "जावईबापू, हे काय मांडलंय ते मला सांगा."

"तुम्हाला नाही कळायचं, आई."

"पत्र कळलं. आता गणित बघू."

त्यांनी डोळे चोळले. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं, म्हणूनच सांगितलं असणार. एकेका थराची एकेक चौकट. चौकटीत चार आकडे, दोन वर, दोन खाली. थराच्या एका अंगाला उजेड कसा आहे ते ठाऊक असलं, की दुसऱ्या अंगाला कसा असेल ते ही चौकट सांगते. पाच थरांच्या पाच चौकटी ओळीने एकमेकींशी गुणायच्या, शेवटी एकच उरते. उजेड किती मागे फिरला, ते तिच्यातून निघतं.

"कुठलीही आधी घेतली तर चालते?"

"छे! क्रम बदलला की उत्तर बदलतं."

"म्हणजे सदऱ्यावरून बनियन घातल्यासारखं."

ते हसले नाहीत. हसायला हवं होतं, चांगलं बोलले होते मी.

"मग पहिली चौकट कुणाची?"

"उजेड बाहेरून येतो ना? त्याला जो थर आधी भेटतो, त्याची. सगळ्यात वरच्या थराची."

"आणि खाली भट्टीला कागद जातो, तोही ह्याच क्रमाने?"

"अर्थात. पहिली ओळ, पहिला थर."

माझ्या डोळ्यांपुढे भट्टीचं दार आलं. दारावर चिकटवलेला कागद, आणि पेन्सिलीने वरून खाली एकेका ओळीवर खूण करत जाणारा तो.

"जावईबापू, त्याच्या हातात तर कोरी काच असते. पहिली ओळ तो काचेवरच देणार. हवेत कुठे देईल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"पण आजवर कधी..."

"आजवर तुम्ही एकच थर देत होतात. एकट्याला काय खाली नि काय वर?"

त्यांनी संगणकावर पाच ओळी उलट्या लावल्या. मला पडदा दिसत नव्हता, त्यांचा चेहरा दिसत होता. बिघडलेल्या काचेवरून शंभरातले एकवीस भाग उजेड मागे फिरत होता, तसं मोजून आलं होतं. उलट्या क्रमाने गणितही एकवीसच म्हणालं, त्यांनीच वाचून दाखवलं. त्यांनी पत्राची घडी केली, उलगडली, परत केली.

"त्याने मला विचारायला हवं होतं," ते पुटपुटले.

उठता उठता माझा गुडघा ठणकला, म्हणून टेबलाला धरूनच बोलले.

"त्याने विचारायचं? अहो, पंधरा पायऱ्या आहेत त्या जिन्याला, आणि तुमचे गुडघे शाबूत आहेत. गणित तुमचं खरं, जावईबापू, पण माणूस तुम्ही ताठ. ते पत्र फाडा. आज स्वतः खाली उतरा आणि त्याच्या तोंडावर म्हणा, चूक माझी. आणि जायच्या आधी जेवा. गार झालंय, तसंच जेवा. मी काही पुन्हा गरम करणार नाही."