तोंड तेवढं बदला

"साडी झकास हाय, जयसिंगराव. तेवढी बाई बदला."

दौंडचे सोपानराव कापडवाले फोटो काउंटरवर टाकून मोकळे झाले. दसऱ्याला त्यांच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. दारावर बारा फुटी फ्लेक्स लागायचा होता आणि त्यावर त्यांना बघणेबल बाई हवी होती.

जयसिंगचा शिरूरला स्टुडिओ होता, पण तिथल्या धबधब्याच्या पडद्यात त्याचा जीव कधी रमला नाही. त्याला साड्यांचे फोटो काढायचे असत ते उन्हात, रानात, कष्टकरी बाईवर. पावडर नाही की लिपस्टिक नाही. "साडी नेसतं कोण? मॉडेल का आपली आई?" असं तो चारचौघांत विचारायचा आणि चारचौघं त्याला येड्यात काढायचे. मासिकांना पाठवलेली पाकिटं आली तशी परत येत. वीस वर्षं हेच चाललं होतं.

हा फोटो मांडवगण फराट्याच्या गिताबाईचा, साठीला टेकलेल्या धनगर बाईचा. "ह्या वयात मला कुठं नटवताय?" म्हणून ती आधी लाजून चूर झाली. मग सोपानरावांच्या दुकानातली जांभळी नऊवारी नेसून घरच्या मेंढरांत उभी राहिली आणि तिने कॅमेऱ्याकडे अशी सरळ नजर लावली की जयसिंग क्षणभर बटण दाबायचंच विसरला. इतकं चांगलं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. निघताना त्यानेच सांगितलं होतं, "मावशी, दसऱ्याला दौंडात या. भर चौकात तुमचा फोटो लागणार."

"बाई न्हाई बदलायची, सोपानराव," आता तो म्हणाला. "तिच्यासाठीच तर काढलाय फोटो."

"मग ठेवा तुमच्यापाशी. पुण्याचा एक पोरगा तयार हाय." मग सोपानराव जरा मऊ झाले. "आवो, सगळी नका बदलू. नुसतं तोंड. कम्प्युटरवर व्हतंय आता. खाली मोठ्या अक्षरात तुमचं नाव टाकतो."

नाव म्हटल्यावर जयसिंग विरघळला. पुण्याला जाऊन तो कम्प्युटरवाल्याशेजारी बसला आणि मॉडेलच्या फोटोंच्या सीडीतलं एक गोरं, हसरं तोंड त्याने स्वतः निवडलं. मान काही केल्या नीट बसेना, तेव्हा ऊन कुठून येतंय आणि सावली कुठं पडायला हवी हेही त्यानेच दाखवलं. जोड इतका बेमालूम झाला की कम्प्युटरवाल्याने टाळीसाठी हात पुढे केला. गिताबाईला निरोप धाडायचा राहून गेला. राहून कसला गेला, त्याने धाडला नाही.

दसऱ्याला उद्घाटनाचे फोटो काढताना त्याने बघितलं, तर दुकानासमोर जीपमधून गिताबाई उतरत होती. बरोबर सून स्वप्नाली आणि वस्तीवरच्या चार बाया, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यांत. त्याला वाटलं, मागच्या दाराने पळून जावं.

बाया वर बघत राहिल्या.

"आत्या, ह्ये तोंड तुमचं न्हाई," सून म्हणाली. एका बाईने पदर तोंडाला लावून हसू दाबलं.

गिताबाई जयसिंगजवळ आली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बायांना ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली, "दादा, माझं डोळं मिटलं आसतील, न्हाई का? मला कुठली फोटूची सवय. तुमच्या कामाचा पार खेळखंडोबा झाला आसंल माझ्यापायी."

तिच्या टक्क उघड्या डोळ्यांचा फोटो त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतच होता. नुसता हात घालायचा अवकाश होता.

"व्हय, मावशी," जयसिंग म्हणाला. "मिटलं व्हतं."

बोलला आणि त्याला स्वतःची किळस आली. भर दसऱ्याच्या गर्दीत आपल्याला कुणी उघडं करून उभं केलंय असं त्याला वाटलं. ते करणारा तोच होता.

"तरी म्हनलं," गिताबाई हसली. मग बायांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "माझीच चूक गं. म्याच डोळं मिटलं."

"पर आत्या, हात तुमचंच हायती की!" स्वप्नालीने वर बोट केलं. पदराचा काठ धरलेले ते दोन हात कोपरापर्यंत हिरवे गोंदलेले होते. बाया एकदा फ्लेक्सकडे, एकदा गिताबाईकडे बघू लागल्या.

"आसू दे," गिताबाई म्हणाली, आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.