शंभर फेम्टोसेकंदांची फाइल

खरेदी समितीच्या तिसऱ्या बैठकीला आयव्ही मिस्किटाबाईंनी फिजिक्स आणलंच नव्हतं. फक्त पाण्याची बाटली आणली होती.

घाटकोपरच्या त्यांच्या संशोधन संस्थेला एक लेझर घ्यायचा होता. बाईंची विद्यार्थिनी श्रुतिका धातूच्या पापुद्र्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाचा फटका बसल्यावर किती वेळात शांत होतात, ते मोजणार होती. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग; ते साधारण दोनशे फेम्टोसेकंदांत शांत होतात. समितीला जास्त लागतात. लेझरची चमक त्याहून तोकडी हवी, नाहीतर फिरत्या पंख्याचा फोटो काढल्यासारखं सगळं पुसट येणार. श्रुतिकाच्या पीएचडीची मुदत वर्षभरात संपत होती, आणि ती एकदा वाढवून झाली होती.

भांडार अधिकारी शिवदास तोडणकरांनी पहिल्या बैठकीत तक्ता मांडला. याच तक्त्यावर त्यांनी वीस वर्षं जनरेटर आणि एसी घेतले होते. ज्याचा आकडा मोठा, त्याला गुण जास्त. त्यामुळे देऊ केलेल्या तीन लेझरांत आठ हजार फेम्टोसेकंदांचा पहिला आला. बाईंनी तासभर फळ्यावर आकृत्या काढल्या. तोडणकर सज्जन माणूस. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या बैठकीला तक्ता उलटा करून आणला. आता सात फेम्टोसेकंदांचा पहिला आला.

म्हणजे आणखीनच वाट लागली. इतकी तोकडी चमक साध्या भिंगातून गेली तरी पसरते. प्रयोगशाळेतले सगळे आरसे बदला, भिंगं बदला, आणि मग तिची मर्जी सांभाळत बसा. बाईंना मधला, शंभरचा हवा होता.

"मॅडम, एकदा काय ते ठरवा ना," तिसऱ्या बैठकीत तोडणकर म्हणाले. "लहान चांगला की मोठा? मधल्याला गुण द्यायला तक्त्यात जागाच नाही."

बाई पाणी प्यायल्या. त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते पुन्हा द्यायची ताकद नव्हती.

श्रुतिका शेजारी कागद चाळत होती. तिनं हळूच विचारलं, "सर, यातला आधी कुठला येईल?"

शंभरचा चार महिन्यांत येणार होता. आठ हजारवाला नऊ, सातवाला चौदा.

"डिलिव्हरीचा रकाना आहे की," तोडणकर म्हणाले. "तीस गुण. मॅडमनी तातडीची गरज आहे असं लिहून दिलं की तो धरता येतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही फिजिक्स सांगत होता."

बाईंनी दोन ओळी लिहून दिल्या. कुणी आकृती मागितली नाही. वेळेवर न येणाऱ्या वस्तूची वाट प्रत्येकानं पाहिलेली होती. सहा मिनिटांत शंभरचा लेझर मंजूर झाला.

जिन्यात श्रुतिकानं विचारलं, हाच का निवडला ते प्रबंधात काय लिहायचं?

"फिजिक्सचं कारण लिही गं," बाई कठड्याला धरून उतरत म्हणाल्या. "तिकडची समिती वेगळी आहे."