घरात फक्त इंग्रजी

दर उन्हाळ्यात स्पेनच्या मुली इंग्रजी शिकायला आयर्लंडमधल्या वेक्सफर्डला येतात आणि माझ्याकडे राहतात. घरात स्पॅनिश बोलायचं नाही, हा त्यांना पाठवणाऱ्या संस्थेचा नियम मी उपासासारखा पाळते.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले, तर यंदा आलेली नेरेआ जिन्यात फोनवर स्पॅनिशमध्ये कुजबुजत होती.

"काय गं लबाडे, पकडली की नाही?" मी हसून म्हटलं.

"मावशी, आजी आहे. तिला इंग्रजी येत नाही."

"मग उद्या बाहेरून कर हो."

तिने मुकाट्याने फोन ठेवला. आजी कशी आहे, हे मी विचारलंच नाही; ती दवाखान्यात होती. सोमवारी सकाळी आजी वारल्याचं कळलं.

"बोल पोरी, तुझ्या भाषेत बोल," मी नेरेआला जवळ घेत म्हटलं.

"नको मावशी, मी ठीक आहे," ती इंग्रजीतच म्हणाली आणि हळूच बाजूला झाली.