गेंड्याचं शिंग

भावोजींना स्वस्थ बसता येत नाही. त्यांचं काम फर्निचरला पॉलिश करायचं, म्हणजे आधी लाकूड काचकागदाने घासायचं, मग पॉलिशचा हात, मग पुन्हा बारीक कागद. घरी आले तरी ती सवय सुटत नाही. ताईच्या घरातले खुर्च्यांचे पाय, खिडकीची चौकट, कंगव्याची मूठ, सगळं त्यांनी कधी ना कधी घासून गुळगुळीत केलेलं आहे. घासून झालं की कागद कुठल्याही कडेवर दोनदा झटकायचा आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. पार झिजल्याशिवाय ते कागद टाकत नाहीत. मी म्हणायचे, भावोजी, आणखी रिकामा वेळ मिळाला तर तुम्ही ताईलाही पॉलिश माराल. त्यावर ताई म्हणायची, मला नको, आधी हिची जीभ घासा, तीच जास्त खरखरीत आहे.

हे ठमी आजारी पडायच्या आधीचं बोलणं. ठमी माझी भाची, चार वर्षांची. तिला रक्ताचा आजार निघाला आणि ताई तिच्यासोबत हॉस्पिटलमध्ये राहायला गेली ती जवळजवळ वर्षभर. भावोजी कामावरून थेट तिकडे जायचे आणि वॉर्डबाहेरच्या बाकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे. डॉक्टरांना काय विचारायचं ते त्यांना सुचायचं नाही, आणि करायला तर त्यांच्या हातात काहीच नव्हतं. त्या बाकाची कड खरखरीत होती. एकदा ते अंगठ्याने ती चाचपत बसलेले दिसले तेव्हा मला भयंकर राग आला. कुणाचा आला ते अजून कळलेलं नाही.

शेवटी ठमीला घरी सोडायचं ठरलं. पण औषधांनी तिच्या अंगात काही ठेवलं नव्हतं, साधी सर्दीसुद्धा महागात पडली असती. सिस्टरने ताईला बजावून सांगितलं होतं. भेटायला येणारे दाराबाहेर. कापडी बाहुल्या नकोत. खेळणी कडक प्लास्टिकची, धुता येतील अशीच, आणि ज्याला चिरा किंवा खाचा पडल्या आहेत ते सरळ टाकून द्यायचं, कारण घाण तिथेच बसते.

ठमीला मात्र एकच खेळणं हवं होतं, आणि ते तिचं नव्हतं.

तिच्या शेजारच्या खाटेवर एक मुलगा होता. अंगाने नुसती काडी, म्हणून सगळा वॉर्ड त्याला पैलवान म्हणायचा. त्याच्याकडे करड्या प्लास्टिकचा एक गेंडा होता, मुठीएवढा, आतून भरीव. दोघं पोरं तो पाळीपाळीने उशाशी घेऊन झोपायची. मग एका सकाळी पैलवान गेला. ठमीला सांगितलं, तो घरी गेला. ती म्हणाली, मग गेंडा का नेला, आज तर माझी पाळी होती. ताईने मला फोनवर एवढं सांगितलं आणि फोन ठेवून दिला.

पैलवानाच्या आईकडे गेंडा मागायचं तोंड कुणाला होतं? पण ती आपणहून एक दिवस वॉर्डच्या दाराशी आली. खेळण्यांची पिशवी ताईच्या हातात ठेवली, घरात बघवत नाही, तुमच्या पोरीला होऊ दे, एवढं बोलली आणि आल्या पावली परत गेली.

ठमी यायच्या आदल्या दिवशी मी आणि भावोजी ती पिशवी घेऊन न्हाणीघरात बसलो. ताई वॉर्डमधून व्हिडिओ कॉलवर होती. तिला आम्ही साबणाच्या डब्याला टेकवून ठेवलं होतं आणि तिथून ती सासूसारखी हुकूम सोडत होती. दाबला की चीं करणारा एक मासा होता, त्याच्या पोटाखालच्या भोकातून काळं पाणी आलं. बाद. बॅटरीची गाडी, तिचा रंग नखाने निघत होता. बाद. टोपीवालं माकड कापडी, तेही बाद. राहिले ठोकळे, एक डंपर आणि गेंडा.

ताईने सिस्टरचं सगळं पाठ केलं होतं. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण, खाचाखोचांत नवा टूथब्रश, कारण मळ निघाल्याशिवाय ब्लीचचा उपयोग नाही. मग साध्या पाण्याच्या बादलीत ठरलेल्या मापाचं ब्लीच, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी. भावोजींनी उत्साहाच्या भरात संडास धुवायची बाटलीही उचलली होती, जरा जास्त स्वच्छ होईल म्हणून. ताई फोनमधून म्हणाली की ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळलं तर विषारी वाफ होते, पोरगी घरी यायची आणि तुम्ही दोघं तिच्या खाटेवर जायचे. बाटली गुपचूप जागेवर गेली. भिजवून झालं की वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि पार कोरडं होईपर्यंत वाऱ्यावर ठेवायचं.

ठोकळे निघाले, डंपर निघाला. गेंड्याचं अंगही लख्ख झालं. शिंग मात्र होईना. ते चावलेलं होतं, बारीक बारीक खाचा पडलेल्या आणि त्यांत काळं बसलेलं. मी ब्रश घासून घासून मोडायला आणला.

"सुई टोचताना तो रडायचा नाही," ताई म्हणाली. "शिंग चावायचा." मग म्हणाली, "खाचा आहेत ना गं, टाकून दे. तिला सांगू काहीतरी."

ऐकलं आम्ही सगळ्यांनी. आणि आमच्या तिघांच्याही डोक्यात तेव्हा जंतूंशिवाय दुसरं काही नव्हतं.

"टाकू नका," भावोजी म्हणाले. "खाचा मी काढतो."

ते उठले आणि डब्यातून बारीक कागद घेऊन आले. भुकटी उडू नये म्हणून तो ओला केला आणि बाल्कनीतल्या नळाशी बसले. वर्षभर मांडीवर पडून असलेले ते हात चालू लागले. मी म्हटलं, भावोजी, गेंड्याची कातडी म्हणतात ती ही, तुमच्याकडून काय सोलवणार. ते हसले. हळूहळू, शिंगाचा बाक न बिघडवता, ते टोकापासून खाली येत गेले, आणि कागदावर करडा लगदा साचत गेला. शेवटी शिंगावर बोट फिरवलं तर कुठे अडकत नव्हतं. पुन्हा साबण, पुन्हा ब्लीच, पुन्हा पाणी. कागद धुवायचा राहिला, तो तसाच कठड्यावर वाळला आणि डब्यात गेला. भावोजींनी गेंडा फोनसमोर धरला तेव्हा ताई रडली. मलाही फार बरं वाटलं. निदान एक गोष्ट तरी आमच्या हातून धड झाली, असं वाटलं.

ठमी आली. टोपीखाली नुसते डोळे. तिने गेंडा हातात घेतला, शिंग चाचपलं आणि म्हणाली, हा तो नाही. भावोजी म्हणाले, तोच आहे, आंघोळ केलीय त्याने. ठमीने थोडा विचार केला आणि त्याला उशाशी घेतलं. आम्ही तिच्या बोलण्याला हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं देव जाणे.

दोन-चार दिवसांनी पैलवानाची आई आली. दार मी उघडलं. तोंडाला मास्क लावून ती उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. आत या म्हणायचा प्रश्नच नव्हता, आणि हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"परत न्यायला आले नाहीये," ती म्हणाली. "गेंडा फक्त एकदा हातात घेते. त्याच्या शिंगावर दातांच्या खुणा आहेत. खालचे दोन वाकडे होते ना त्याचे. दुसरं कुठे काही राहिलं नाही."

मी मागे वळून ताईकडे पाहिलं. भावोजीही तिच्यामागे येऊन उभे होते. मला वाटलं, काहीतरी खोटं सांगावं, सापडत नाही म्हणावं, हरवला म्हणावं. तेवढ्यात आतल्या खोलीतून ठमीनेच गेंडा ताईच्या हातात दिला आणि ताईने तो दारात नेऊन दिला.

पैलवानाच्या आईने शिंगावर अंगठा ठेवला. फिरवला. गेंडा उजेडाकडे वळवला, पुन्हा फिरवला, दुसऱ्या बाजूनेही. अंधारात माणूस भिंतीवर बटण शोधतं तसा तिचा अंगठा शोधत होता. आम्ही तिघं बघत उभे होतो.

"मी घासलं," भावोजी म्हणाले. "खाचांत घाण बसते म्हणून. मी घासलं ते."

ती मान हलवत राहिली. "बरोबर केलंत," ती म्हणाली. "पोरीला जपायलाच हवं. मीही तेच केलं असतं." ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आवाज ओळखून ठमीने आतून विचारलं, "पैलवान कुठंय?"

आमच्यातलं कुणी काही बोलायच्या आत पैलवानाची आईच म्हणाली, "घरी आहे."

"मग गेंडा ने. आता त्याची पाळी."

"नको बाळा," ती म्हणाली. "तुझ्याकडेच राहू दे. तो झोपलाय."

तिने गेंडा ताईकडे दिला. ताईला तो घेववेना, म्हणून मी घेतला. ती जायला वळली आणि थांबली. भावोजींना तिने विचारलं, ज्या कागदाने घासलं तो कागद टाकला का.

भावोजी काही टाकत नाहीत. ते आत जाऊन डबा घेऊन आले, वरचे कागद बाजूला सारून तो तुकडा काढला. तळहाताएवढा, ओला होऊन वाळलेला, आणि त्याच्या सगळ्या खरखरीत बाजूवर करडं पीठ घट्ट बसलेलं. मास्कच्या वर तिचे डोळे त्या कागदावर खिळले. तिला द्यायचा तर नीट द्यावा, या भरात भावोजींचा हात आपसूक दाराच्या चौकटीकडे वळला, दोनदा झटकायला.

"झटकू नका," ती म्हणाली.

भावोजींचा हात तसाच थांबला. तिने तो कागद त्यांच्या बोटांतून दोन्ही हातांनी काढून घेतला, खरखरीत बाजू आत घालून घडी केली आणि पर्समध्ये ठेवला.