तीन खाचा

“खाली टाका ते! आधी खाली टाका, मग बोला!”

सुतार फाटकापासूनच ओरडत आला. कमरेला पट्टा, चालणं तिरपं. आठ दिवस अंथरुणात काढलेल्या माणसाला एवढा आवाज कुठून आला, याचंच स्वयंपाकीणबाईंना नवल वाटलं. आंघोळीच्या बंबात घालायला त्यांनी लाकडाचे तुकडे उचलले होते. हिरवट झाक असलेले, कोरे, सुबक.

“अहो दादा, लाकूड आहे, साप नाही.”

“साप परवडला, एकालाच चावतो. हे औषध पाजलेलं लाकूड आहे, बाई. वाळवी लागू नये म्हणून विष मुरवलंय त्यात. जाळलंत तर धूर तुमच्या छातीत, आणि राखेनं भांडी घासलीत तर सगळ्यांच्या पोटात. किती जाळलंत?”

“हे आत्ताच उचललं हो. परवापासून जुनंच जाळतेय, कुंपणाचं. काय गुणी लाकूड होतं! एका काडीत पेटलं. आठच्या आत अख्ख्या संस्थेच्या आंघोळी!”

सुतार बंबाशेजारच्या पायरीवर मटकन बसला. त्या गुणी लाकडाला त्यानं बावीस वर्षं जवसाचं तेल पाजलं होतं.

संस्था अंधांची. तीसेक माणसं इथं राहत आणि वेताच्या खुर्च्या विणत. राहत्या खोल्यांपासून विणकामाच्या शेडपर्यंत दोनशे चाळीस पावलांची वाट होती, आणि तिच्या एका अंगाला खोल नाला. नाल्याच्या कडेनं लाकडी कुंपण. त्याच्या वरच्या पट्टीवर हात ठेवला की माणूस कुणाला हाक न मारता कामावर जाई. पट्टीच्या पोटाला, बोटांना लागतील अशा, सुतारानं खाचा पाडल्या होत्या. त्या कुठं असाव्यात हे सांगितलं होतं वेतवाल्या मास्तरांनी. मास्तर विणकाम शिकवत, आणि नव्या माणसाला वेत हातात देण्याआधी ही वाट पाठ करून घेत:

एक खाच, पायरी रे,
दोन खाचा, नळ;
तीन खाचा लागल्या की
डावीकडे वळ.

सुतार उठला आणि नव्या कुंपणापाशी गेला. ते लांबून झकास दिसत होतं. जवळ गेल्यावर त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली. पट्टीला बोट लावलं तर ओल लागली, म्हणजे औषध पुरतं वाळलेलंही नव्हतं. वाटभर हिरवट भुसा तसाच पडलेला. एका खांबाची माती त्यानं पायानं उकरली आणि डोळे मिटून घेतले. खांब लांब पडले म्हणून त्यांचे बुडखे कापले होते, आणि कापलेलं तोंड जमिनीत पुरलं होतं. एकूण एक खांबाचं.

व्यवस्थापक साहेब फोनवर होते. फोन संपेस्तोवर सुतार दारात उभा राहिला. बसवत नव्हतंच.

“काका, तुम्ही आजारी होतात. ठेकेदाराची माणसं मोकळी मिळाली, उरकून घेतलं. वीस वर्षांची हमी आहे.”

“हमी अख्ख्या लाकडाची, साहेब. औषध बोटभर आत जातं, गाभा कोराच राहतो. कापलेल्या तोंडाला पुन्हा औषध फासायचं असतं, आणि तरीही ते वर ठेवायचं, आभाळाकडे. यांनी उघडी जखम चिखलात रोवलीय.”

“किती टिकेल मग?”

“चार वर्षं. फार तर पाच.”

“तोवर माझी बदली झाली असेल,” साहेब हसले. सुतार हसला नाही, तेव्हा त्यांनी कागद सारखे केले.

“आणि वरची पट्टी? त्या विषावर हात ठेवून माणसं चालणार, त्याच हातानं जेवणार.”

“रंग मारून टाका.”

“ओल्यावर रंग धरत नाही. पापुद्रे सुटतील.”

“काका, सोमवारी समिती येतेय. जो एकटा शेडपर्यंत जाऊ शकत नाही त्याची मागच्या इमारतीत रवानगी. हा नियम माझा नाही. तुमच्याकडे आजचा आणि उद्याचा दिवस आहे. खांबांना हात लावू नका, बिल निघालंय त्यांचं. बाकी काय करायचं ते करा.”

मागच्या इमारतीत खाटांची रांग होती. वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या. तिकडे गेलेल्या माणसाच्या हातात पुन्हा वेत आलेला कुणी ऐकला नव्हता.

मास्तर खोलीत खाटेच्या कडेला बसले होते. मांडीवर हात नुसते पडलेले. त्या हातांना असं रिकामं सुतारानं कधी पाहिलं नव्हतं.

“आलास? कंबर घेऊन आलास की घरीच ठेवून आलास?”

“आणलीय. वाटेत दोनदा पडली, उचलून आणली.”

“हात धू आधी. दवाखान्याचा वास मारतोयस.” मग मास्तर हळू आवाजात म्हणाले, “मी परवा चालून बघितलं रे. ओलं, गुळगुळीत आणि मुकं लाकूड. खाली बोटं फिरवतोय, फिरवतोय, खाच नाहीच. मधेच उभा राहिलो, खांबासारखा. साहेब बघत होते. माझं नाव पेन्सिलीनं लिहिलंय म्हणतात.”

“पेन्सिलीचं खोडता येतं.”

“खोड मग, लेका. मला खाटेवर मरायचं नाही.”

जुन्या पट्ट्या बंबामागे रचलेल्या होत्या. सुतारानं एकेक उचलून बोटांनी ओळखली. पायरीची होती, नळाचीही होती. नळापासून वळणापर्यंतच्या दोन तेवढ्या मिळाल्या नाहीत. त्यानं बंबाचं तोंड उघडून पाहिलं. राख मऊ होती, पिठासारखी. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

“मला काय ठाऊक हो, दादा. साहेब म्हणाले, जळण.”

“तुम्हाला नाही बोलत मी.”

“मग कुणाला बोलताय?”

त्यानं बंबाचं तोंड लावून टाकलं. गावभर फिरला असता तरी शनिवारी दुपारी बिनऔषधाचं, वाळलेलं, हाताला गोड लागेल असं लाकूड त्याला कोण देणार होतं?

संध्याकाळी घरी त्यानं कपडे दारातच उतरवले.

“हे वेगळे—”

“वेगळे भिजवायचे, माहितीय,” बायको म्हणाली. “लग्नात मंगलाष्टकांनंतर तेच ऐकलंय मी.”

तो आत गेला. थोड्या वेळानं आतून पाचर ठोकून काढल्याचा आवाज आला. ती दारात येऊन बघते तर गादी भिंतीला टेकवलेली, आणि नवरा पलंगाच्या दोन्ही लांब पट्ट्या सुट्या करून मांडीवर घेऊन बसलेला. पलंग सागवानी, त्यानंच लग्नाच्या आधी घडवलेला.

“आता झोपायचं कशावर?”

“जमिनीवर. पाठीला डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“माझ्या पाठीला कुणी सांगितलंय?” ती म्हणाली.  मग तिनं फडकं आणून पट्टीवरची धूळ पुसली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. “मास्तरांसाठी ना? न्या.”

रविवारी सकाळी तोंडाला फडकं, हातात मोजे, खाली ताडपत्री अशा थाटात त्यानं हिरव्या पट्ट्या उतरवल्या. खांबांना नवी भोकं पाडावी लागली, त्यांना औषध फासलं. वाटेवरचा भुसा आणि सगळे तुकडे पोत्यात भरले, आणि पोत्यावर लिहिलं, जाळू नये. बाईंनी येऊन वाचलं आणि नाक मुरडलं. तासाभरानं चहा मात्र आणून दिला, हात धुतलेत का, असं विचारून. जुन्या पट्ट्या पुन्हा चढल्या. शेवटच्या दोन जागी पलंग लागला.

मग तो मास्तरांना घेऊन आला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मास्तर नळापासून निघाले. पावलं मोजत होते, ओठ हलत होते.

“थांब. इथं.”

सुतारानं पट्टीवर खूण केली.

“तिथं नाही, ते तुझं पाऊल. माझं आता आखूड झालंय. वीतभर अलीकडे.”

सुतारानं वीतभर अलीकडे तीन खाचा पाडल्या, कानशीनं घासून कडा मारल्या, बोटानं तेल लावलं. बावीस वर्षांत मास्तरांची तेवढी पावलं मिळून वीतभर आखूड झाली होती. त्याच्या टेपनं ते कधी सांगितलंच नव्हतं.

सोमवारी समितीचे तिघं शेडच्या दारात उभे राहिले, साहेब त्यांच्या शेजारी. मास्तर खोलीतून एकटे निघाले. एक खाच आली, पायरी उतरले. दोन खाचा आल्या, सवयीनं नळ घट्ट आहे का ते चाचपलं. पुढं पलंगाचं लाकूड लागलं आणि ते थबकले. समितीतल्या एकानं पेनाचं टोपण काढलं. सुतारानं श्वास धरला, कंबर धरली.

मास्तरांची बोटं सागवानावरून फिरली, पट्टीच्या पोटाखाली गेली, थांबली. मग त्यांनी बोटं नाकाशी नेली.

“तेल ओलं आहे अजून,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि डावीकडे वळले.

बाकीचे एकेक करून मागून आले. समिती चहाला गेली. जाता जाता साहेब सुताराच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, “बघा, उगाच चिडला होतात.”

सुतार आत शिरला.

शेडमध्ये मास्तरांनी वेत भिजत घातला होता. “काय रे, खांबांचं काय झालं?”

“काय व्हायचंय? आतून कुजणार. चार वर्षं.”

“चार?” मास्तरांनी हिशेब केल्यासारखी मान हलवली. “मला पुरेत.”

सुतार वळला. शेडबाहेर आला. वाटेवर आता कुणी नव्हतं. खांब एकेचाळीस होते. त्यानं कमरेचा पट्टा एक भोक आवळला, मोजे चढवले, आणि नळाजवळच्या पहिल्या खांबाच्या मुळाशी पहार घातली, त्याला उलटा करायला, कापलेलं तोंड आभाळाकडे.