बोलक्या चौकटींचा लॅपटॉप

मित्रांनो, माझे झाकण उघडताना कर्र असा आवाज येतो, त्याला राग समजू नका. बिजागरी झिजली आहे, एवढेच. माझ्यासोबत कारखान्यातून निघालेले बाकीचे लॅपटॉप केव्हाच भंगारात गेले. मी अजून कामावर आहे, आणि कामावरून उठायचा माझा विचारही नाही.

माझी पहिली नोकरी विम्याच्या कचेरीत झाली. तेव्हा मी असा चकचकीत होतो, की साहेब पाहुण्यांसमोर मला उगाचच उघडून ठेवत. तिथे मी वर्षानुवर्षे तक्ते भरले. मग नवी प्रणाली आली आणि ती मला पेलवेना. एक खिडकी उघडायला सांगून कारकून चहा पिऊन परत येई, तरी माझे आपले चक्र फिरतच असे. शेवटी "याचं काही खरं नाही" म्हणून मला कपाटात, मोडक्या पंख्याशेजारी ठेवून दिले. तिथल्या धुळीची चव सांगण्यासारखी नाही.

कपाट रिकामे झाले त्या दिवशी कचेरीखालच्या चष्म्याच्या दुकानातली बाई वर आली आणि मला मागून घेऊन गेली. दिवसभर ती गिऱ्हाइकांकडून भिंतीवरची अक्षरे वाचून घेई, काचा घासून फ्रेममध्ये बसवी, आणि घरी आली की जुन्या संगणकांत जीव घाली. शिकवायला कोणी नव्हते. चुकत, मोडत, परत जोडत ती शिकली होती. तिने माझे पोट उघडले, पंख्यातला धुळीचा गोळा काढला आणि माझ्यावर लिनक्स घातले. ही प्रणाली कोणा एकाच्या मालकीची नसते. तिचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि ज्याला जसे हवे तसे रूप तिला देता येते. कपड्याची शिवण उसवून आपल्या मापाने परत शिवावी, तसे. मी एका दमात सुरू झालो. माझा माझ्यावरच विश्वास बसेना.

तिच्यासारख्या छांदिष्टांचा इंटरनेटवर एक गट होता. त्यात परिचारिका होत्या, मास्तर होते, एक बसचालक होता. डेस्कटॉप म्हणजे पडदा उजळल्यावर दिसणारी मांडणी. ही मंडळी ती सजवून तिचा फोटो गटात टाकत. कोणाच्या पडद्यावर धुके, कोणाच्या पडद्यावर नुसता काळोख आणि कोपऱ्यात इवलेसे घड्याळ. नियम एकच होता. ज्याने फोटो दाखवला, त्याने मांडणीच्या फायलीही द्यायच्या. नुसते मिरवून जायचे नाही. न सांगितलेली रीत मात्र वेगळी होती. फोटोआधी कामाचे सगळे लपवायचे. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली ढकलतो ना, अगदी तसे. गटात आमच्या बाईंना चष्मेवाली म्हणत. मीही तेच म्हणतो.

चष्मेवालीच्या घरी तिची आई होती. आईंनी उमेदीची सगळी वर्षे टेलिफोन केंद्रात काढलेली. अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देणारा आवाज त्यांचा. मग पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि बोलणेही गेले. समजत सगळे होते, पण मानसुद्धा दगा देई. हो म्हणायला जात, तर ती आडवी हले. हळूहळू लोक त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलू लागले, जणू त्या खोलीतले एखादे सामान. मित्रांनो, सामान असणे काय असते ते मला ठाऊक आहे. मला ते फार लागले.

चष्मेवालीने माझ्या पडद्यावर मोठ्या चौकटी मांडल्या. काळ्यावर पांढरी, ठळक अक्षरे. पाणी. दिवा लाव. हो. नाही. इथेच. गप्प बस. डाव्या हाताने माउस सरकवून बाण चौकटीवर न्यायचा आणि बटण दाबायचे, की चष्मेवालीने आधीच बोलून भरून ठेवलेला तो शब्द तिच्या आवाजात ऐकू येई. शब्द आईंचे, आवाज मुलीचा आणि गळा माझा. आईंचा डावा हात असल्या कामाला मुळीच तयार नव्हता. बाण कोपऱ्यात पळे, पंख्यावर बसलेल्या माशीसारखा भिरभिरे. पण आईंनी त्याला रोज सकाळी शाळेत बसवले आणि वळण लावले. सगळ्यात जास्त 'गप्प बस' वापरले जाई, हे वेगळे सांगायला नको.

हा फोटो गटात गेला तेव्हा कोणी विचारले, ही लिफ्टची बटणे का? फक्त बसचालकाने फायली मागून घेतल्या. त्याच्या वडिलांचीही वाचा गेली होती.

लिफ्टची बटणे हा शब्द चष्मेवालीला लागला. एका सुट्टीच्या सकाळी तिने सगळे देखणे करायला घेतले. चौकटी लहान झाल्या, जागा बदलल्या, राखाडी धुक्यावर राखाडी, केसासारखी बारीक अक्षरे आली. जुन्या फायलींवरच तिने नव्या लिहिल्या, गटातही त्याच बदलून टाकल्या. प्रत ठेवली नाही. आपण काय केले ते आपल्याला आठवेल, असे या छांदिष्टांना नेहमीच वाटते. गटात वाहवा सुरू झाली आणि ती वाचत असतानाच दारात मामा आले.

मामा म्हणजे आईंचे धाकटे भाऊ. बहीण दिवसभर घरात एकटी असते, हे त्यांच्या जिवाला लागले होते. ते तिला आपल्या गावी न्यायलाच आले होते, गाडीची तिकिटे खिशात घालून. घर मोठे आहे, माणसे आहेत, असे ते सांगत राहिले. चष्मेवाली थकलेली होती. तिला ते पटत चालले. ती आईंचे कपडे घडी करून बॅगेत भरू लागली.

आईंनी माउस धरला. जिथे 'नाही' असायचे तिथे त्यांनी सवयीने बाण नेला. मी म्हणालो, "पाणी." पाणी आले. त्यांनी पेला बाजूला सारला आणि परत दाबले. परत "पाणी." मग "दिवा लाव," तेही भर दुपारी.

मामांनी सुस्कारा सोडला. "बघ, तिचं डोकंच चालत नाही गं आता."

आईंनी मान पुढे काढली आणि डोळे बारीक करून नाक माझ्या पडद्याला टेकवले. चष्मेवालीचे हात थांबले. अशी मान ती दुकानात दिवसभर बघते.

"आई, तुला दिसतच नाहीये."

"दिसत नाही? मग दुकानात तू विकतेस तरी काय?" मामा म्हणाले.

ती सरळ माझ्यासमोर बसली. जुनी फाईल माझ्याकडे नव्हती, गटातही नव्हती. जुनी मांडणी कोणाकडे आहे का, असे तिने विचारले. लोक अजून धुक्याचीच तारीफ करत होते. मामा भरलेली बॅग हातात घेऊन घड्याळ बघत होते. आईंनी माउस सोडला नव्हता. बसचालक कामावर होता. बस शेवटच्या थांब्याला लागली तेव्हा त्याचे उत्तर आले. "आहे. बाबांसाठी एक चौकट वाढवलीय. चालेल?"

मांडणी परत आली. काळ्यावर पांढरी, ठळक. खाली एक नवी पिवळी चौकट होती. आई तिच्याकडे बघत राहिल्या. मग बाण निघाला, पुढे गेला, मागे आला, टेकला.

"मला विचारा," असा एक जाड, घोगरा पुरुषी आवाज खोलीत घुमला. मागे बसच्या इंजिनाची घरघर होती.

मामांनी दाराकडे पाहिले. "कोण आलं?"

"मला विचारा."

मामांनी बॅग खाली ठेवली. खुर्ची ओढून ते बहिणीसमोर बसले. आल्यापासून पहिल्यांदाच. "ताई, येतेस माझ्याकडे?"

"नाही."

"मग राहणार कुठे?"

"इथेच."

मामांनीच बॅगेची चेन उघडली आणि कपडे एकेक करून परत कपाटात लावले. चुकीच्या खणात, पण लावले. आता शेजारच्या काकू दुपारी डोकावून जातात. ती चौकट आपल्या आवाजात भरू का, असे चष्मेवालीने आईंना विचारले, तेव्हा त्यांनी 'नाही' दाबले. तो घोगरा आवाज त्यांनी ठेवून घेतला आहे.

मित्रांनो, जुने यंत्र टाकण्याआधी त्याच्या पंख्यातली धूळ एकदा झटकून बघा. त्याला जरूर सजवा, नटवा, चारचौघांत दाखवा. पण त्याच्यासमोर रोज कोण बसते, त्या माणसाला काय दिसते, हे आधी त्यालाच विचारा. आता मला थांबायला हवे. बाण निघाला आहे. त्याला पोचायला वेळ लागतो, पण तो पोचतो.