बोलायची खोली

जवळा बाजारच्या मेन रोडवर पुनमनं ब्युटी पार्लर उघडलं त्याला चार महिने झाले होते, आणि गर्दी म्हणाल तर बाजाराच्या दिवशी आत पाय ठेवायला जागा नसे. अडचण एकच होती. त्या गर्दीतली एकही बाई आरशासमोरच्या खुर्चीवर बसत नव्हती.

बायका यायच्या, वांग्या-मिरच्यांच्या पिशव्या कोपऱ्यात टेकवायच्या, पंख्याखाली सतरंजीवर ऐसपैस मांडी घालायच्या, माठातलं गार पाणी प्यायच्या आणि एकदा तोंड सुटलं की जीपवाल्याचा हॉर्न वाजेपर्यंत मिटायचं नाव नाही. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या जावयानं नवी फटफटी घेतली, कोणाची शेळी कोणाच्या तुरीत शिरली, सगळ्याचा निकाल तिथं लागायचा. पुनम बिचारी दोरा, कात्री, पावडर मांडून उभी. "काकू, आयब्रो करू का?" म्हटलं की काकू पदर तोंडाला लावायची, शेजारणीला कोपर मारायची आणि म्हणायची, "आज नगं बाई, पुढल्या बाजारी." तो पुढला बाजार काही भरत नव्हता. एरवी कॉलेजच्या दोन-चार पोरी घाईघाईनं येऊन जायच्या, पण दोन-चार पोरींवर कुठं पार्लर चालतं?

खुर्ची तर अशी होती की बघत राहावी. लाल रेग्झिनची, खालचा दांडा पायानं दाबला की माणसाला अल्लाद वर उचलणारी. माहेरी असताना पुनम रोज एसटीनं परभणीला जाऊन कोर्स शिकली, तेव्हापासून असली खुर्ची तिच्या डोळ्यांत भरली होती. लग्नानंतर नवऱ्यानं, स्वप्निलनं, ती आणून दिली आणि दारावर पाटी लावली, 'पुनम ब्युटी पार्लर'. सासरच्या सगळ्या घरात पुनमचं नाव लिहिलेली तेवढीच जागा होती.

खोली मात्र सासऱ्याची, संतरामची. आधी तिथं सोयाबीनची पोती असायची. यंदाचं सोयाबीन निघालं तसा म्हाताऱ्याला खोलीचा उमाळा आला. सकाळच्या चहाला त्यानं सुनेला ऐकवलं, "येत्या बाजारी दुपारून मी पोते घेऊन येतो. त्या खुर्चीवर खेड्यापाड्याची एक जरी बाई बसलेली दिसली तर पोते माघारी नेतो. न्हाई दिसली तर खुर्ची बाहेर अन् पोते आत. हाय का कबूल?"

"कबूल, मामा," पुनम म्हणाली. म्हणताना मान ताठ होती, पण स्वयंपाकघरात गेल्यावर डोळे पुसावे लागले.

त्यातून सासू पाळतीवर. मंजुळाबाई पहिल्या दिवसापासून पार्लरच्या उंबऱ्याशी खाली बसून असायची, कोण आलं, कोण गेलं बघत. संध्याकाळी नवऱ्याला न चुकता सांगायची, "आज बी खुर्ची रिकामीच ऱ्हायली." हे सांगताना सासूच्या जिवाला थंडावा मिळतो, अशी पुनमची पक्की समजूत झाली होती.

तर तो बाजाराचा दिवस उजाडला. बारा वाजेस्तोवर अकरा बाया जमल्या. पुनमनं एकेकीला विचारून पाहिलं, अगदी हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. शकुंतलाबाई म्हणाली, पुढल्या बाजारी. मिराबाई म्हणाली, पुढल्या बाजारी. तांड्यावरची जिवनबाई नुसतीच हसली. 

कोपऱ्यात तिची नणंद प्रतिक्षा वही घेऊन बसली होती. हिंगोलीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती, दोन दिवसांवर पेपर होता, आणि तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही लक्षात राहत नसे. मध्येच ती ओरडली, "वहिनी, हे बघ! आपला पार्लर शब्द आलाय पेपरला!"

"शब्द काय करू? गिऱ्हाईक आण," पुनम म्हणाली.

पण बायांनी कान टवकारले. प्रतिक्षाला तेवढंच पाहिजे होतं. "हा शब्द इंग्रजांचा न्हाईच. त्यांनी फ्रेंच लोकांचा उचललाय. फ्रेंचमध्ये पार्ले म्हणजे बोलणं."

"बिस्कुट न्हाई?" मिराबाईनं विचारलं.

"बिस्कुट येगळं, मावशी. तिकडं मठात लोक मौन पाळायचे. भेटायला कोणी आलं तर बोलायपुरती एक खोली असायची, ती पार्लर. मग इंग्रजांच्या मोठ्या घरांत पाहुण्यांसंगं बोलत बसायची खोली, ती बी पार्लर. पुढं त्याच नावाची दुकानं निघाली. आईस्क्रीमचं पार्लर, नटायचं पार्लर. अन् ऐका, मशीनवर गाई-म्हशींचं दूध काढायच्या जागेला बी ते पार्लरच म्हणतात."

सतरंजीवर एकच कल्ला झाला. "अगं माय! मंग माही म्हैस जलमापासून पार्लरातच हाय की!" शकुंतलाबाई मांडीवर थापा मारत म्हणाली. "मालकिणीच्या आधी म्हशीनं पार्लर पाहिलं!"

"अन् मयत नटवून ठेवायच्या जागेला बी पार्लर म्हणतात," प्रतिक्षानं शेवटचा गोळा टाकला.

"चला, बरं झालं," जिवनबाई म्हणाली. "जित्तेपणी मालकानं धाडलं न्हाई, तर मेल्यावर तरी पार्लर नशिबात हाय!"

मग जे हसणं सुटलं ते आवरेना. एकीला ठसका लागला, दुसरीनं तिच्या पाठीत धपाटे घातले, मिराबाईच्या पिशवीतली वांगी सतरंजीभर घरंगळली. रस्त्यावरची माणसं दारात डोकावून गेली. पुनमलाही हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडू मिसळलं. "हसा बाई, हसा. मूळची बोलायचीच खोली हाय म्हणा. आज मामा पोते आणून राहिले. पुढल्या बाजारी सोयाबीनसंगं बोला!"

बाया तिच्याभोवती सरकल्या. काय कबूल झालं होतं ते पुनमनं सांगून टाकलं.

"अगं, मंग आधी सांगायचं न्हाई?" जिवनबाईनं कपाळावर हात मारला. "तू बी येडीच हायेस. घरी कासार आला तर आधी हात कोण देतं?"

"मोठी बाई."

"मोठ्या बाईनं बांगड्या भरल्याबिगर आमी हात पुढं करत न्हाई, मंग तोंड कसं करावं? चार महिन्यांपासून आमी वाट पाहून राहिलो, घरची मोठी बाई कवा बसते म्हणून."

सगळ्यांच्या नजरा उंबऱ्याकडं वळल्या. मंजुळाबाई पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"आत्याबाई," पुनम कशीबशी म्हणाली, "तुमी कधी बोलल्या न्हाई..."

"मी काहून बोलू?" मंजुळाबाईचा आवाज एकदम चढला आणि चढता चढता फाटला. "रस्त्यानं जाणारीला इचारलं, बाजाराला येणारीला इचारलं. चार महिने दारात बसून राहिले मी. मला इचारलं का एक डाव तरी?"

पुनमला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार महिने जिला ती पहारेकरीण समजत होती, ती बोलावण्याची वाट बघत बसली होती. ती सासूजवळ गेली, खाली बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, चला. आयब्रो करू."

"आता काय! ते यायची येळ झाली. त्यांच्यापुढं मी कधी खुर्चीवर बसले न्हाई."

"ते अजून येशीपाशी बी आले नसतील," शकुंतलाबाई म्हणाली, आणि चौघींनी मंजुळाबाईला जवळजवळ उचलूनच खुर्चीवर ठेवलं. पुनमनं दांडा दाबला. खुर्ची वर गेली तशी मंजुळाबाई "अगं माय माय" करत दोन्ही हातांनी तिला बिलगली, आणि बाया पुन्हा हसून लोळल्या.

एक भिवई झाली, दुसरी अर्धी झाली, आणि बाहेर ट्रॅक्टर थांबला. हमालानं पोती ओट्यावर धाडधाड टाकायला सुरुवात केली. संतराम दारात येऊन उभा राहिला.

मंजुळाबाईनं उठायची धडपड केली. पुनमच्या दातांत दोरा, तिला बोलता येईना. ती नुसती "ऊं, ऊं" करत मान हलवत होती. संतरामनं खुर्चीकडं पाहिलं, मग सुनेकडं, आणि खाकरून म्हणाला, "घरची बाई मोजायची न्हाई."

तेव्हा मंजुळाबाई उठायची थांबली. पाठ टेकून नीट बसली. आरशातूनच नवऱ्याकडं बघत म्हणाली, "चाळीस वर्सं झाली. पोते मोजता, बैलं मोजता. घरची बाई कवा मोजता तुमी?"

मग शकुंतलाबाई मोठ्यानं म्हणाली, "मंजुळाबाईमागं माहा नंबर." "त्याच्यामागं माहा." "अन् मी का तोंड घरी ठेवून आले?" सगळ्या एकदम उठल्या. आत उभं राहायला जागा उरेना, तेव्हा उरलेल्या सहाजणी ओट्यावर जाऊन सोयाबीनच्या पोत्यांवर नंबर लावून बसल्या. हमाल पाचवं पोतं पाठीवर घेऊन तसाच उभा. टाकावं कुठं?

"घाल माघारी ट्रॅक्टरात," संतराम त्याला म्हणाला.

मग तो उंबऱ्याशी घुटमळला. आत जावं की न जावं, कळेना. त्यानं लेकीला हळूच विचारलं, "झालं का तुह्या मायचं?"

"तुमीच पाहा की, बाबा. बोलायचीच खोली हाय."

संतरामनं चपला बाहेर काढल्या. तो खुर्चीजवळ आला, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. बराच वेळ आरशात पाहिलं. ओट्यावरच्या सहाजणीही दारात येऊन डोकावल्या.

"बराबर दिसून राहिली," तो म्हणाला आणि लाजून भिंतीकडं बघायला लागला.

मंजुळाबाईला असं हसू फुटलं की पुनमच्या दातांतला दोराच तुटला. "हालू नका, आत्याबाई, अर्धी राहिली हाय," ती म्हणाली आणि तिनं नवा दोरा घेतला.